‘बॅलन्स’ या शब्दाविषयी वाचकांचे प्रश्न

‘बॅलन्स’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात इतका मिसळून गेला आहे की, बँकेत, गॅरेजमध्ये, दवाखान्यात आणि वर्तमानपत्रात तो वेगवेगळ्या अर्थांनी येतो हे आपल्या लक्षातही येत नाही. या शब्दाविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ते निरनिराळ्या क्षेत्रांतील असले तरी एका उत्तराचा दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे, म्हणून शक्यतो क्रमाने वाचावेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शिकवते. विज्ञानाच्या तासाला ‘बॅलन्स’ म्हणजे दोन्ही बाजू समान असणे, असे मी सांगितले. त्यावर एका मुलाने विचारले की, मग बँकेतला बॅलन्स कोणत्या दोन बाजूंचा असतो? तिथे तर एकच आकडा असतो. याचे उत्तर काय द्यावे?

उत्तर : मुलाची शंका अगदी मर्माची आहे. एकाच शब्दाचे ‘समानता’ आणि ‘उरलेली रक्कम’ असे दोन अर्थ वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध जातात, कारण दोन्ही बाजू समान असतील तर उरायला काहीच नको आणि काही उरले असेल तर बाजू समान नाहीत. हा पेच हिशेबाच्या वहीत सुटतो, परंतु त्याआधी तराजूकडे पाहावे लागेल.

‘बॅलन्स’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ‘बायलँक्स’ या शब्दात आहे. ‘बाय’ म्हणजे दोन आणि ‘लँक्स’ म्हणजे ताटली किंवा पारडे. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ दोन पारड्यांचा तराजू हाच आहे. आजही प्रयोगशाळेतील तराजूला इंग्रजीत ‘बॅलन्स’च म्हणतात. आपल्याकडे संस्कृतातील ‘तुला’ या शब्दापासून तूळ रास, तुलना, तोल, तोलणे हे शब्द आले, तर ‘तराजू’ फारसीतून आला. तागडी, पारडे, दांडी, काटा हे बाजारातले शब्द त्यांच्या जोडीला आहेतच.

याच तराजूशी जोडलेला आणखी एक शब्द या प्रश्नाच्या उत्तरासाठी फार उपयोगी आहे, तो म्हणजे ‘पासंग’. हाही फारसीतला असून त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. रिकाम्या तराजूची दोन पारडी सारखी नसली, एक किंचित वर राहिले, तर त्या हलक्या पारड्याला एखादा खडा, लोखंडाचा तुकडा किंवा दोरीचे वेटोळे बांधून दांडी सरळ करतात. तो तुकडा म्हणजे पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या बरोबरीचा असणे सोडाच, ती बरोबरी साधण्यासाठी लावायच्या तुकड्याएवढीही योग्यता नाही, असा अर्थ असतो. पासंगाचे काम नीट ध्यानात घ्यावे. दोन बाजूंमध्ये जेवढा फरक आहे तेवढाच तो असतो, आणि तो हलक्या बाजूला ठेवला की दोन्ही बाजू समान होतात. फरक आणि समानता या दोन्ही गोष्टी त्या एका तुकड्यात एकत्र येतात.

आता रोजकीर्दीकडे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीकडे वळू. समजा, एका किराणा दुकानदाराकडे सकाळी ३,००० रुपये होते आणि दिवसभरात १५,००० रुपये आले. वहीच्या जमा बाजूला १८,००० रुपये झाले. मालाला, हमालाला आणि वीजबिलाला मिळून १३,५०० रुपये गेले, ते खर्चाच्या बाजूला लागले. दुकान बंद करताना तो दोन्ही बाजूंच्या बेरजा समोरासमोर आणतो, तेव्हा खर्चाची बाजू ४,५०० रुपयांनी कमी भरते. तो त्याच बाजूला शेवटी ‘अखेरची शिल्लक ४,५००’ असे लिहितो, दोन्हीकडे १८,००० ची बेरीज मांडतो आणि खाली दुहेरी रेघ ओढतो. हिशेब जुळवणारा हा ४,५०० चा आकडा म्हणजे बॅलन्स. तो दोन बाजूंमधला फरकही आहे आणि त्यांना समान करणारा आकडाही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आकडा ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून जमा बाजूला येतो.

बँकेच्या पासबुकात आपल्याला यातला फक्त शेवटचा आकडा ठळक दिसतो, पण त्यामागे जमा (आलेले पैसे) आणि नावे (गेलेले पैसे) अशा दोन बाजू असतातच. मुलाला पासबुकाचे पान दाखवून जमेच्या व नावेच्या रकान्यांची बेरीज त्याच्याकडूनच करून घ्यावी, म्हणजे ‘कोणत्या दोन बाजू’ हे त्याला आपोआप दिसेल. हिशेबातल्या या अर्थापासून पुढे ‘उरलेले ते सगळे’ असा सैल अर्थ इंग्रजीत रूढ झाला. तिकडच्या जुन्या भाषाजाणकारांनी त्याला दुकानदारी बोली म्हणून नाके मुरडली होती, परंतु आपल्या कचेऱ्यांमध्ये ‘बॅलन्स काम उद्या करू’ असे म्हणण्यापर्यंत तो पोहोचला आहे.

प्रश्न : पासंग लावून दांडी सरळ केली की तराजू बरोबर झाला असे समजावे का? आमच्या गावच्या बाजारात अजून दांडीचे तराजू आहेत. (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : नाही, पासंग एकच दोष दूर करतो. तराजूत दोन प्रकारचे दोष असू शकतात. पारड्यांची वजने असमान असणे हा पहिला, आणि तो रिकाम्या तराजूत लगेच दिसतो. मधल्या खिळीपासून दांडीचे दोन हात असमान लांबीचे असणे हा दुसरा दोष मात्र पासंगाने झाकला जातो, कारण रिकामी पारडी सरळ दिसतात, परंतु माल टाकला की लांब हाताकडची बाजू वजनापेक्षा अधिक जोर धरते. माल लांब हाताकडे आणि माप आखूड हाताकडे असेल, तर गिऱ्हाइकाला कमी माल मिळतो, आणि माल जितका जास्त तितका तोटाही वाढत जातो.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. माल आणि माप यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलायला सांगावे. तराजू खरा असेल तर दांडी पुन्हा सरळच राहील. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे दांडीच्या तराजूची आणि वजनांची पडताळणी दर २४ महिन्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी करून घेऊन मुद्रांकन करून घेणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात लावलेले असते, ते पाहायला मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : मुलाच्या शिकवणी वर्गाने दिलेल्या पावतीवर ‘बॅलन्स ४,०००’ असे लिहिले होते. आमचे ४,००० रुपये तिथे जमा आहेत असे मी समजलो. महिन्याने तेवढेच भरण्याची सूचना आली. चूक कोणाची? (रत्नागिरी)

उत्तर : पावती लिहिणाऱ्याची, असे माझे स्पष्ट मत आहे. आकडा बरोबर असला तरी तो कोणी कोणाला द्यायचा आहे हे त्यात सांगितलेले नाही. बॅलन्स हा फरक असतो, आणि फरक दोन्ही दिशांनी असू शकतो. बँकेच्या बचत खात्यातला बॅलन्स म्हणजे तुमचे पैसे, क्रेडिट कार्डाच्या विवरणातला बॅलन्स म्हणजे तुमचे देणे, मोबाइलचा बॅलन्स म्हणजे आधी भरून ठेवलेली आणि अजून न वापरलेली रक्कम. संदर्भ माहीत असेल तेव्हा काही अडत नाही. पावतीवर मात्र दोन्ही अर्थ संभवतात.

मराठीत हा घोटाळा होण्याचे कारणच नाही. हाती उरते ती शिल्लक आणि यायची किंवा द्यायची राहते ती बाकी, हा भेद आपल्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. ‘येणे बाकी’, ‘देणे बाकी’, ‘थकबाकी’ हे शब्द दिशा सांगतात. वर्गाने ‘बाकी ४,०००’ एवढे लिहिले असते, तरी आपली गफलत झाली नसती. पावती, बिल किंवा करार कोणत्याही भाषेत असो, ‘बॅलन्स’ या शब्दापुढे ‘देय’ की ‘जमा’ हे लिहून घेतल्याशिवाय कागद खिशात घालू नये.

याच ओघात पासबुकाविषयी नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न घेतो. शिलकेच्या आकड्यापुढे ‘सीआर’ म्हणजे क्रेडिट अशी अक्षरे असतात आणि ज्यांनी थोडाफार जमाखर्च शिकलेला असतो त्यांना ते उलटे वाटते, कारण आपल्या वहीत बँकेतले पैसे ही मालमत्ता असते आणि ती डेबिट बाजूला येते. उलगडा असा की, पासबुक ही आपली वही नसून बँकेच्या खतावणीतील, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीतील आपल्या खात्याची नक्कल असते. आपण ठेवलेले पैसे बँकेला कधी ना कधी परत करायचे असतात, म्हणजे ते तिचे देणे असते आणि तिच्या वहीत ते क्रेडिटला लागते. शिलकेपुढे ‘डीआर’ दिसले तर आपण बँकेचे देणे लागतो असे समजावे.

प्रश्न : खात्यात पैसे दिसत असूनही एटीएममधून निघत नाहीत, आणि महिनाअखेर भरपूर पैसे ठेवूनही किमान शिलकेचा दंड लागतो. असे का? (पनवेल)

उत्तर : पहिल्या गोष्टीचे कारण असे की, बँकेच्या वहीत लागलेली शिल्लक आणि काढता येण्याजोगी शिल्लक या दोन वेगळ्या रकमा असतात. शेअरच्या प्रारंभिक विक्रीसाठी अर्ज केला असेल, तर तेवढी रक्कम वाटप होईपर्यंत खात्यातच अडवून ठेवलेली असते. ती दिसते, तिच्यावर व्याजही मिळते, पण ती काढता येत नाही. न वठलेला धनादेश किंवा एखाद्या तक्रारीमुळे गोठवलेली रक्कम यांचेही तसेच.

दंडाचा हिशेब बहुधा महिन्याच्या सरासरीवर असतो. रोज दिवसअखेर जी शिल्लक असेल त्या सर्वांची बेरीज करून तिला दिवसांनी भागतात. सरासरी १०,००० हवी असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यात एकूण ३,००,००० ची बेरीज भरली पाहिजे. केवळ ३ दिवस १,००,००० रुपये ठेवूनही ती भरते, पण शेवटच्या एकाच दिवशी ५०,००० ठेवून भरत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ पासून लागू केलेल्या सूचनांनुसार बँकेने आधी ग्राहकाला कळवून किमान एक महिन्याची मुदत द्यायला हवी, दंड तुटीच्या प्रमाणात हवा आणि केवळ अशा दंडामुळे बचत खात्याची शिल्लक शून्याखाली जाता कामा नये. स्टेट बँकेने तर मार्च २०२० मध्ये बचत खात्यांची ही अटच काढून टाकली. मूलभूत बचत खात्याला आणि जनधन खात्याला किमान शिलकेची अट मुळातच नाही, हे घरकामगार, शेतमजूर आणि विद्यार्थी यांना आवर्जून सांगायला हवे. ज्यांच्याकडे कमी पैसे आहेत त्यांच्याकडूनच पैसे कमी असल्याचा दंड घेतला जाणे मला फार खटकते.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत एका सभासदाने हिशेबाविषयी शंका काढली. ‘ताळेबंद दोन्हीकडे जुळतो, मग चूक कशी असेल?’ असे उत्तर त्यांना मिळाले. हे उत्तर योग्य आहे का? (ठाणे)

उत्तर : हे उत्तर अपुरे आहे, आणि सभेत ते फार वेळा दिले जाते म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ताळेबंदाला इंग्रजीत ‘बॅलन्स शीट’ म्हणतात. एकीकडे भांडवल व देणी आणि दुसरीकडे मालमत्ता अशा त्याच्या दोन बाजू समान असतात, त्या संस्था सुस्थितीत आहे म्हणून नव्हे, तर द्विनोंदी पद्धतीची रचनाच तशी आहे म्हणून. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत सारख्याच रकमेने लिहायचा, हा या पद्धतीचा नियम. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमध्ये ती रूढ होती आणि लुका पाचोली या गणितज्ञ ख्रिस्ती साधूने १४९४ साली छापलेल्या आपल्या गणितग्रंथात ती सविस्तर मांडली. तिचा शोध त्याने लावला नाही, पण छापील पुस्तकामुळे ती युरोपभर पसरली. या पद्धतीत नफ्यातली कंपनी असो वा बुडत चाललेली, दोघींचेही ताळेबंद जुळतात. तोटा झाला तर तो भांडवलातून वजा होतो किंवा मालमत्तेच्या बाजूला तूट म्हणून दाखवला जातो, आणि बेरजा पुन्हा समान होतात.

ताळेबंदाच्या आधी तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची डेबिट व क्रेडिट अशा दोन रकान्यांतील यादी मांडतात. तेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक नक्की आहे, परंतु ती जुळली म्हणून चूक नाही असे म्हणता येत नाही. एखादा व्यवहार लिहायचाच राहून गेला तर दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात. एका सभासदाने भरलेले पैसे दुसऱ्याच्या नावावर जमा केले तरी बेरीज बदलत नाही. इमारतीच्या रंगकामाचा खर्च इमारतीच्या किमतीत मिळवला तरी तेरीज जुळते, फक्त त्या वर्षीचा खर्च कमी आणि मालमत्ता जास्त दिसते. दोन चुका विरुद्ध दिशांच्या आणि सारख्या रकमेच्या असतील, तर त्या एकमेकींना झाकतात. खोटे बिल लावून पैसे काढले असतील, तर ते बिलही दोन खात्यांत नीट लागलेले असते.

आता तुमच्या संस्थेचा ताळेबंद हातात घ्या आणि एकच गोष्ट तपासा. देण्यांच्या बाजूला ‘सिंकिंग फंड’ म्हणजे इमारतीच्या पुढील मोठ्या पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी दाखवलेला असेल. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार तो प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या, जमिनीची किंमत वगळून, वर्षाला किमान ०.२५ टक्के या दराने जमवायचा असतो. समजा, तो १२,००,००० रुपये आहे. मग समोरच्या बाजूला गुंतवणुकीत त्या निधीच्या नावाने किती मुदत ठेवी आहेत ते पाहा. तिथे ५,००,००० च असतील, तर उरलेले ७,००,००० रुपये कुठेतरी दुसरीकडे गेले आहेत. कदाचित ते पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीत खर्च झाले असतील, कदाचित सभासदांकडून यायच्या थकबाकीच्या रूपाने अडकले असतील. दोन्ही बाजूंच्या बेरजा तरीही तंतोतंत जुळतील. निधी कागदावर आहे, पैसा हाती नाही, हे जुळलेल्या बेरजेवरून कधीच कळणार नाही.

म्हणून शंका काढणाऱ्या सभासदाने ‘ताळेबंद जुळतो का’ असे न विचारता ‘प्रत्येक निधीसमोर कोणती ठेव आहे, तिची पावती दाखवा’, ‘सभासदांकडील येणे किती वर्षांचे आहे, त्याची यादी द्या’ आणि ‘बँकेच्या ३१ मार्चच्या शिलकेचा दाखला पाहू द्या’ असे विचारावे. असे विचारण्यात कोणावर आरोप नाही. सभासदाचे ते कामच आहे, आणि प्रामाणिक समितीला त्याचा आनंदच वाटेल.

प्रश्न : बातम्यांमध्ये ‘व्यापारतोल’ आणि ‘व्यवहारतोल’ असे दोन शब्द येतात. ते एकच आहेत का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : एकच नाहीत. व्यापारतोल म्हणजे फक्त वस्तूंची निर्यात आणि आयात यांतील फरक. व्यवहारतोल म्हणजे देशाचे उरलेल्या जगाशी वर्षभरात झालेले सगळेच आर्थिक व्यवहार, म्हणजे वस्तू, सेवा, परदेशातून घरी पाठवलेले पैसे, गुंतवणूक, कर्जे. भारताचा वस्तूंचा व्यापारतोल स्वातंत्र्यानंतर १९७२-७३ आणि १९७६-७७ ही दोन वर्षे सोडली तर तुटीचाच राहिला आहे. तरीही देश चालतो, कारण तुटीचा मोठा भाग सॉफ्टवेअरसारख्या सेवांची निर्यात आणि परदेशातील भारतीयांनी पाठवलेले पैसे यांतून भरून निघतो. २०२२ मध्ये भारतात असे १०० अब्ज डॉलरहून अधिक पैसे आले, आणि एका वर्षात हा टप्पा ओलांडणारा भारत पहिला देश ठरला. कोकणातून आखातात गेलेल्या माणसाने दर महिन्याला घरी पाठवलेली रक्कम देशाच्या या हिशेबात धरलेली असते.

परीक्षेत फसवणारा मुद्दा असा की, संपूर्ण व्यवहारतोल हा हिशेब म्हणून नेहमी जुळतोच, कारण तोही द्विनोंदी पद्धतीने मांडतात. बातमीत ‘व्यवहारतोलाचे संकट’ म्हणतात तेव्हा चालू खात्यावरची, म्हणजे वस्तू, सेवा आणि घरी पाठवलेले पैसे यांच्या हिशेबातली तूट भरून काढायला परकीय चलन मिळेनासे झाले आहे, असा अर्थ असतो. १९९१ मध्ये नेमके हेच झाले. आखाती युद्धामुळे तेल महागले, आखातातून येणारे पैसे घटले, बाहेरून कर्ज मिळेना आणि जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले. त्या वर्षी आधी सुमारे २० टन सोने स्विस बँकेला देऊन आणि नंतर रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून पैसे उभे करावे लागले. जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. घरातले सोने अडचणीला उपयोगी पडते, हे जे आपल्या आया-आज्या मानत आल्या, ते तेव्हा सरकारलाही करावे लागले.

प्रश्न : व्हील बॅलन्सिंग आणि अलायनमेंट यांत फरक काय? (कोल्हापूर)

उत्तर : बॅलन्सिंगमध्ये चाकाचा एखादा भाग दुसऱ्यापेक्षा जड असेल तर रिमच्या हलक्या बाजूला लहान वजने लावतात, म्हणजे इथेही पासंगच. वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा हा दोष असतो. अलायनमेंटमध्ये चाकांचे कोन बसवतात. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर ते तपासावे. गॅरेजवाले दोन्हींचे वेगळे पैसे घेतात, ते योग्यच आहे.

प्रश्न : तोल, समतोल, संतुलन यांपैकी कोणता शब्द कुठे वापरावा? (नाशिक)

उत्तर : काटेकोर नियम नाही, रूढी मात्र आहे. तोल हा सांभाळायचा असतो आणि तो जातो किंवा ढळतो. तारेवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातात आडवी लांब काठी धरून तोल सांभाळते. त्या काठीमुळे शरीराचे कलणे मंदावते आणि सावरायला क्षणभर अधिक वेळ मिळतो. रागाच्या भरात माणसाचाही तोल सुटतो. समतोल ही दोन किंवा अधिक बाजू योग्य प्रमाणात असल्याची स्थिती आहे, म्हणून समतोल आहार, पर्यावरणाचा समतोल. संतुलन, संतुलित हे शास्त्राच्या परिभाषेत अधिक रुळले आहेत, उदाहरणार्थ संतुलित बल, रासायनिक समीकरण संतुलित करणे. शाळेतल्या मुलांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते की, बले संतुलित असणे म्हणजे वस्तू थांबलेली असणे नव्हे. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने धावणाऱ्या एसटीवरची बलेही संतुलितच असतात.

प्रमाणाचा मुद्दाही विसरू नये. समतोल आहारात भात, डाळ आणि मीठ समसमान नसतात. त्याचप्रमाणे समतोल बातमी म्हणजे खऱ्याला आणि खोट्याला सारख्याच ओळी देणे नव्हे. पारडी समान करण्याच्या नादात वजन नसलेल्या बाजूला उसने वजन देणे, हा तोलण्याचा अर्थच बिघडवणारा प्रकार आहे.

प्रश्न : माझ्या ७२ वर्षांच्या आईचा ‘बॅलन्स जातो’. डॉक्टरांनी कान तपासायला सांगितले. चालताना तोल जाण्याचा कानाशी काय संबंध? (नागपूर)

उत्तर : संबंध अगदी जवळचा आहे. आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतील द्रव डोके वळले की मागे रेंगाळतो आणि डोके कोणत्या दिशेने फिरले ते मेंदूला कळते. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियमचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यामुळे वर-खाली आणि पुढे-मागे यांची जाणीव होते. या संवेदनांचा अभ्यास करणारे रॉबर्ट बाराणी यांना १९१४ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. कानाकडून येणारी माहिती, डोळ्यांना दिसणारे दृश्य आणि पाय-मान यांच्या स्नायू-सांध्यांची जाणीव या तिन्हींचा मेळ मेंदू सतत घालत असतो. म्हणूनच अंधारात किंवा डोळे मिटून उभे राहिल्यावर वयस्कर माणसांचा तोल अधिक जातो.

वयाबरोबर ते स्फटिक कधीकधी सुटून नलिकेत शिरतात. मग अंथरुणावर कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना काही सेकंद ते मिनिटभर घर गरगर फिरल्यासारखे वाटते. हा त्रास घाबरवणारा असला तरी बहुतेक वेळा डोके ठरावीक क्रमाने वळवून ते स्फटिक जागेवर नेण्याच्या उपायाने बरा होतो. तो उपाय आधी जाणकार डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

डॉक्टरांशी बोलताना मात्र ‘बॅलन्स जातो’ एवढेच सांगू नये. आईला आपल्या शब्दांत सांगू द्यावे, कारण तिच्या शब्दांतून डॉक्टरांना पुष्कळ कळते. ‘गरगरते’ म्हणजे भोवतालचे फिरते, तेव्हा कानाकडे लक्ष जाते. ‘उठल्यावर अंधारी येते’ म्हणजे रक्तदाब एकाएकी उतरत असू शकतो, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा पाहावी लागते. ‘डोके ठीक आहे, पण पाय कुठे पडतो ते कळत नाही, पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते’ म्हणजे मधुमेहामुळे पायांच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. त्रास केव्हा होतो, किती वेळ टिकतो आणि सोबत कानात आवाज किंवा बहिरेपण आहे का, हे कागदावर लिहून न्यावे. तोल एकाएकी जाऊन बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा दोन-दोन दिसू लागले, तर मात्र कानाच्या डॉक्टरांची वेळ घेण्यात दिवस न घालवता, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.